१२५ डॉलरचा घोडा

अमेरिकेच्या केंद्र सरकारची एक वेबसाइट आहे, तिच्यावर घोडे मिळतात. गाढवंही मिळतात. प्रत्येकाचा फोटो, वय, रंग, कुठल्या डोंगरातून पकडलं ते, गळ्यातल्या दोरीला अडकवलेला नंबर, आणि खाली बोली लावायची चौकट. बोली साधारण १२५ डॉलरपासून सुरू होते. तेवढ्या पैशात इथे धड जुना फोनही येत नाही. मी फिनिक्सला नोकरीला आलो त्या वर्षी टीममधल्या एकाने ही लिंक ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, ‘परवाच दोन गाढवं दत्तक घेतली.’ मला वाटलं, चेष्टा करतोय.

घोड्यांच्या फोटोंपेक्षा मी खालच्या अटी जास्त वेळ वाचत बसलो. वय १८ पूर्ण हवं. प्राण्यांना क्रूरपणे वागवल्याचा गुन्हा नावावर नको. प्रत्येक जनावरामागे किमान ४०० चौरस फुटांचा वाडा हवा. कुंपण मोठ्या घोड्याला सहा फूट, गाढवाला साडेचार फूट, आणि काटेरी तार अजिबात चालणार नाही. एका माणसाला वर्षाला चारच जनावरं. आणि सगळ्यात गमतीची अट अशी की पैसे भरले, ट्रेलरमध्ये घालून घरी आणलं, तरी पहिलं वर्षभर ते जनावर सरकारचंच असतं. वर्षाने पशुवैद्याने किंवा तशाच कुणा जाणकाराने ‘हे नीट सांभाळलं गेलंय’ असं लिहून दिलं, की मग मालकीचा कागद तुमच्या नावावर होतो.

जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र ‘इफ’ दिसली की ती काढून टाकायची घाई करू नये. तिथे कधीतरी काहीतरी फुटलेलं असतं. या अटींचंही तसंच आहे. त्यातली एकेक अट कशामुळे आली ते शोधत गेलो, तर जवळजवळ सत्तर वर्षांचा इतिहास हाती आला.

आधी हे घोडे आले कुठून? घोड्याची जात मुळात उत्तर अमेरिकेतच उत्क्रांत झाली आणि साधारण दहा हजार वर्षांपूर्वी तिथूनच नाहीशी झाली. पुन्हा आली ती स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून. त्यांचे सुटलेले, पळालेले, हरवलेले घोडे पश्चिमेच्या माळांवर वाढले. नंतर अमेरिकन सैन्याचे आणि शेतकऱ्यांचे घोडेही त्यात मिसळले. ‘मस्टँग’ हा शब्द ज्या स्पॅनिश शब्दावरून आला त्याचा अर्थ चुकार, बेवारस जनावर. ‘बरो’ म्हणजे स्पॅनिशमध्ये साधं गाढव. म्हणजे आजचे ‘जंगली’ घोडे आणि गाढवं ही खरं तर कुणाच्या तरी दावणीला बांधलेल्या जनावरांची पोरं-नातवंडं. वाघ-हत्तींसारखं त्यांचं ‘जंगली’ असणं सरळ नाही. पुढची बरीच भांडणं इथूनच निघतात. काहींच्या मते ते हरवून परत आलेलं देशी जनावर आहे, काहींच्या मते माणसाने आणून सोडलेली पीडा.

गाढवांच्या बाबतीत तर सोडून देण्याची गोष्ट अगदी ताजी आहे. ॲरिझोनात जुन्या रूट ६६ वर ओटमन नावाचं खाणकामगारांचं गाव आहे. सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी ओझी वाहायला गाढवं आणली होती. सोनं संपलं, खाणी बंद पडल्या, माणसं निघून गेली आणि गाढवांना तिथेच सोडून गेली. त्यांचे वंशज आज गावच्या एकमेव रस्त्यावर उभे राहून पर्यटकांच्या गाड्या अडवतात. लहान पिल्लांच्या कपाळावर ‘मला खायला घालू नका’ असं स्टिकर चिकटवलेलं असतं. तिथून मी आईला व्हिडिओ कॉल लावला.

“अरे, ही तर आपल्या वीटभट्टीवरची,” आई म्हणाली. “एवढ्या लांब जाऊन गाढवं बघतोयस?”

“आई, ही सरकारी आहेत. कायद्याने संरक्षित. त्रास दिला तर तुरुंग.”

“गाढवाला त्रास दिला म्हणून?” मग थोडं थांबून, “बरं आहे की.”

आईला खोटं वाटलं त्यात नवल नाही. अमेरिकेतही शंभर वर्षांपूर्वी कुणाला खरं वाटलं नसतं. ट्रॅक्टर आणि मोटारी आल्या तशी घोड्याची किंमत पडली, आणि १९२० च्या दशकात डब्यातल्या कुत्र्यांच्या खाण्याचा धंदा सुरू झाला. त्या डब्यांत घोड्याचं मांस असायचं. माळावरचे बेवारस घोडे म्हणजे फुकटचा कच्चा माल. शिवाय ज्यांच्या गाई-मेंढ्या त्याच सरकारी गायरानांवर चरायच्या, त्या रँचवाल्यांना घोडे नकोच होते. दुसऱ्या महायुद्धानंतर घोडे पकडायला विमानं आली. वर खालून उडणारं विमान, त्यातून झाडलेली बंदूक, उर फुटेस्तोवर पळणारा कळप, आणि सपाटीवर वाट बघत थांबलेले ट्रक. फास टाकायचा आणि दोराचं दुसरं टोक ट्रकच्या जड टायरला बांधायचं. टायर ओढून ओढून घोडा थकला की फळीवरून वर चढवायचा. १९६१ चा ‘द मिसफिट्स’ हा सिनेमा याच धंद्यावर आहे. मर्लिन मन्रो आणि क्लार्क गेबल या दोघांचाही तो शेवटचा पूर्ण झालेला सिनेमा. बघितला नसेल तर बघा, पण शेवटच्या अर्ध्या तासात जेवायला बसू नका.

१९५० मध्ये नेवाडातल्या रीनो शहराजवळ एक बाई गाडीने ऑफिसला चालली होती. नाव व्हेल्मा जॉन्स्टन, एका विमा कार्यालयात सेक्रेटरी. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे चेहऱ्याची ठेवण बिघडलेली, शाळेत त्यावरून पुष्कळ ऐकून घेतलेलं. पुढच्या ट्रकमधून रक्त गळताना तिला दिसलं. तिने ऑफिसचा रस्ता सोडून ट्रकचा पाठलाग केला. आत कोंबलेले घोडे होते, आणि त्यांच्या पायांखाली तुडवलं गेलेलं एक शिंगरू.

पुढची एकवीस वर्षं ही बाई पत्रं लिहीत राहिली. मला तिच्या कामाची पद्धत फार आवडते. तिच्या हातात संस्था नव्हती, पैसा नव्हता, फक्त टाइपरायटर होता आणि सेक्रेटरीची शिस्त. आधी आपल्या जिल्ह्यात विमानाने घोडे पकडण्यावर बंदी आणवली, मग १९५५ मध्ये नेवाडा राज्यात, मग थेट वॉशिंग्टन. विरोधकांनी चिडवायला तिला ‘वाइल्ड हॉर्स ॲनी’ म्हणायला सुरुवात केली, तर तिने तेच नाव मिरवलं. १९५९ मध्ये केंद्राचा कायदा झाला. सरकारी जमिनीवरचे घोडे पकडायला विमान किंवा मोटार वापरायची नाही, पाणवठ्यात विष घालायचं नाही. कायद्याला लोक तिच्याच नावाने ओळखतात.

पण तो कायदा फक्त ‘असं पकडू नका’ म्हणत होता. घोड्यावर बसून पकडायला मोकळीक होती. मग तिने शाळकरी मुलांना हाताशी धरलं. देशभरातल्या वर्गांतून खासदारांना पेन्सिलीने लिहिलेली हजारो पत्रं गेली. १९७१ मध्ये दोन्ही सभागृहांत एकही विरोधी मत न पडता जंगली घोडे आणि गाढवांचा कायदा मंजूर झाला, आणि १५ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही केली. व्हिएतनाम युद्धावरून भावाभावांत भांडणं होत होती, त्या वर्षी सगळा देश एकमताने गाढवांच्या बाजूने उभा राहिला. आता त्यांना पकडणं, त्रास देणं, मारणं गुन्हा. सांभाळण्याची जबाबदारी मुख्यतः ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम या खात्याकडे. तेव्हा मोजदाद सुमारे पंचवीस हजारांची होती.

इथपर्यंतची गोष्ट छान आहे. बऱ्याच माहितीपटांत ती इथेच संपते. इंजिनियरची गोष्ट मात्र रिलीजनंतर सुरू होते.

मारायचं नाही म्हटल्यावर घोडे वाढणारच. खाणारे शिकारी प्राणी जवळजवळ नाहीत, आणि मोकळा सोडलेला कळप चार-पाच वर्षांत दुप्पट होऊ शकतो. जमीन मात्र तेवढीच, तीही नेवाडासारख्या कोरड्या राज्यांतली, आणि त्याच जमिनीवर परवाना काढून गाई-मेंढ्या चरतात. या चराईचं सरकारी भाडं बरीच वर्षं एका गाय-वासराच्या जोडीला महिन्याला १.३५ डॉलर होतं. त्यामुळे ‘घोडे फार झालेत’ असं कुणी म्हटलं की मी पहिल्यांदा विचारतो, कुणाच्या मानाने फार? तरीही उन्हाळ्यात आटलेल्या पाणवठ्यापाशी हाडं वर आलेले कळप उभे असतात, ही गोष्ट खरी आहे, आणि त्यांच्यासाठी माझ्या प्रश्नाला काही अर्थ नाही.

दत्तक देण्याची कल्पना या पेचातून आली. १९७३ मध्ये माँटाना-वायोमिंगच्या सीमेवरच्या प्रायर डोंगरात पहिल्यांदा जास्तीचे घोडे खासगी घरांत दिले गेले, आणि १९७६ पासून योजना देशभर लागू झाली. स्वतः व्हेल्मा जॉन्स्टन त्याच्या बाजूने होती. भावनेने घोड्यांकडे बघणारी म्हणून तिची टिंगल झाली, पण संख्या आवरावी लागणार हे तिला चांगलं कळत होतं. १९७७ मध्ये ती वारली.

गाढवांची दोन प्रकरणं मात्र इथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पहिलं सुप्रीम कोर्टातलं. १९७४ मध्ये न्यू मेक्सिकोत एका रँचवाल्याने तक्रार केली की बेवारस गाढवं माझ्या गुरांचा चारा खातात. राज्याच्या पशुधन मंडळाने सरकारी जमिनीवरून १९ गाढवं पकडली आणि लिलावात विकून टाकली. केंद्र म्हणालं, परत आणा, ती संरक्षित आहेत. राज्य म्हणालं, आमच्या राज्यातल्या मोकाट जनावरांचं काय करायचं ते सांगणारे तुम्ही कोण? प्रकरण वर गेलं, आणि १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला की केंद्राच्या जमिनीवर काय करायचं हे ठरवण्याचा अधिकार अमेरिकन संसदेला आहे, आणि त्या अधिकारात तिथल्या जंगली प्राण्यांचं रक्षणही येतं. निकाल लिहिला थरगुड मार्शल यांनी, काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळांविरुद्धचा ऐतिहासिक खटला वकील म्हणून जिंकलेले तेच ते. अमेरिकेत सरकारी जमिनीवरून कुठलाही मोठा वाद झाला की आजही हा गाढवांचा निकाल पुढे ठेवला जातो.

दुसरं प्रकरण ग्रँड कॅनियनचं. १९७१ चा कायदा राष्ट्रीय उद्यानांना लागू नाही. या दरीत १९२४ ते १९६९ या काळात उद्यानाच्या लोकांनी सुमारे २,८०० गाढवं गोळ्या घालून मारली होती, आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी उरलेलीही मारायची असं ठरत होतं. क्लीव्हलँड एमरी नावाचा लेखक आणि त्याची ‘फंड फॉर ॲनिमल्स’ ही संस्था मध्ये पडली. मारू नका, आम्ही बाहेर काढतो. मैलभर खोल दरीतून गाढव बाहेर कसं काढायचं? पकडायचं, पाय बांधायचे, जाळीत घालायचं आणि हेलिकॉप्टरला लटकवून वर उचलायचं. १९८० आणि ८१ मध्ये अशी ५७७ गाढवं वर आली, आणि लोकांनी ती दत्तक घेतली. ज्यांना घर मिळालं नाही ती टेक्ससमध्ये एमरीच्या रँचवर गेली. दोरीला लोंबकळत, चारही पाय एकत्र बांधलेलं, दरीच्या वर तरंगणारं गाढव. ज्या हेलिकॉप्टरच्या धाकाने बीएलएम आजही कळप हाकते, त्याच यंत्राचा हा एक वेगळा उपयोग.

हेलिकॉप्टर वापरायची परवानगी १९७६ मध्ये एका नव्या कायद्याने परत आली. आणि १९७८ च्या दुरुस्तीने दोन महत्त्वाच्या गोष्टी केल्या. वर्षाला चार जनावरांची मर्यादा घातली, आणि वर्षभराने मालकी द्यायची सोय केली. त्याआधी दत्तक घेणाऱ्याला मालकी मिळतच नव्हती, घोडा मरेपर्यंत सरकारचा. वर्षभराची अट म्हणजे वाट बघायची मुदत. ज्याला कत्तलखान्यात विकून झटपट पैसे करायचे आहेत तो वर्षभर चारा-पाणी कशाला करेल, असा हिशोब.

हिशोब चुकला नव्हता, पण १९८४ मध्ये खात्याने स्वतःच त्याला भोक पाडलं. कोंडवाडे भरले होते, चाऱ्याचा खर्च वाढत होता, म्हणून एकदम शेकड्यांनी घोडे नेणाऱ्यांना शुल्क माफ केलं. चारची मर्यादा? नेणाऱ्याने गावभरच्या लोकांकडून मुखत्यारपत्रं गोळा करायची. कागदावर प्रत्येकी चार घोडे वेगवेगळ्या माणसांचे, प्रत्यक्षात सगळे एकाच्या ताब्यात. १९८८ पर्यंत सुमारे २०,००० घोडे या वाटेने गेले. शेकडो उपासमारीने आणि हेळसांडीने मेले, आणि हजारो, मालकीचा कागद हातात पडल्यावर, कत्तलखान्यात पोचले. हे सगळं अमेरिकन सरकारच्याच लेखापरीक्षकांनी १९९० मध्ये लिहून ठेवलं आहे. त्याआधी, १९८७ मध्ये, कोर्टाने सांगितलं होतं की घेणारा घोडा कापणार आहे हे माहीत असताना त्याला मालकी देता येणार नाही. तरीही ‘माहीत असताना’ हे दोन शब्द बघा. विचारलंच नाही तर माहीत कसं होणार?

थोडं मानेवरच्या शिक्क्याबद्दल, कारण मला तो भारी आवडतो. पकडलेल्या प्रत्येक जनावराच्या मानेच्या डाव्या बाजूला खूण असते, पण ती तापल्या लोखंडाने डागलेली नसते. लोखंड द्रव नायट्रोजनमध्ये गार करून टेकवतात. त्याने केसांना रंग देणाऱ्या पेशी मरतात आणि तिथे पांढरे केस उगवतात. खूण आकड्यांत नसते. रेषा आणि कोन वेगवेगळ्या दिशांना फिरवून आकडे लिहायची ती एक लिपी आहे. सुरुवातीला सरकारचं चिन्ह, मग जन्मवर्षाचे दोन अंक, मग सहा आकडी नोंदणी क्रमांक. खाडाखोड करून दुसरा आकडा करता येऊ नये म्हणून असे आकार. वर्ष दोनच अंकांत का, असं तुमच्या मनात आलं असेल तर तुम्हीही माझ्याच धंद्यातले. घोडा शंभर वर्षं जगत नाही, एवढंच उत्तर. पण या सुरेख कोडमुळे फक्त घोडा कुठून निघाला ते कळतं. तो कुठे पोचला ते कत्तलखान्याच्या दारात कुणी मान उचलून वाचलं तरच.

२००४ मध्ये एका सिनेटरने अर्थसंकल्पाच्या कागदांत एक दुरुस्ती सरकवली. दहा वर्षांवरची किंवा तीनदा कुणी न घेतलेली जनावरं सरळ विकायची. २००७ मध्ये अमेरिकेतले शेवटचे घोड्यांचे कत्तलखाने बंद झाले, तेव्हापासून ट्रक मेक्सिको आणि कॅनडाकडे वळले. मंदी आली, चारा महाग झाला, आणि दत्तक घेणारे वर्षाला दोन-अडीच हजारांवर आले. माळावरची संख्या वाढत २०२० मध्ये पंचाण्णव हजारांच्या आसपास गेली. पकडून आणलेल्यांसाठी सरकारने भाड्याची कुरणं घेतली. या योजनेचा निम्म्याहून जास्त पैसा पकडून आणलेली जनावरं सांभाळण्यावरच जातो. ज्या रांगेत येणारे जास्त आणि जाणारे कमी ती रांग वाढतच राहते, हे सांगायला पदवी लागत नाही.

मग २०१९ मध्ये खात्याने ठरवलं, घोडा घेणाऱ्याकडून पैसे घेण्याऐवजी त्यालाच द्यायचे. एका जनावरामागे १,००० डॉलर. निम्मे सुरुवातीला, निम्मे वर्षाने मालकीच्या कागदाबरोबर. ऐकून मला हसू आलं नाही. हाच बग १९८८ मध्ये बंद केला होता. आकडे लगेच सुधारले, २०२१ मध्ये साडेआठ हजारांच्या वर जनावरांना घरं मिळाली. आणि त्याच वर्षी मे महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापलं की एकेका कुटुंबातले लोक प्रत्येकी चार घोडे घेतात, वर्षभर कसंबसं ठेवतात, पैसे खिशात पडले की ज्या लिलावांत कत्तलखान्यांचे दलाल बसतात तिथे नेऊन उभे करतात. पुढे खात्याने सगळे पैसे वर्षाच्या शेवटी द्यायचं ठरवलं. २०२५ मध्ये कोलोरॅडोच्या फेडरल कोर्टाने ती योजनाच रद्द केली.

या गोष्टीत मला खलनायक सापडत नाही, आणि त्याचाच मला त्रास होतो. खात्यातल्या माणसांसमोर एक आकडा होता, वर्षाला किती घोड्यांना घर मिळालं. त्यांनी तो आकडा वाढवला. घर म्हणजे काय, हे त्या आकड्यात मोजलं जात नव्हतं.

दरम्यान २०२१ मध्येच ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. वाळवंटात कोरड्या पडलेल्या ओढ्यांच्या पात्रात गाढवं आणि घोडे खुरांनी खणतात, कधी दोन-दोन मीटर खोल, आणि पाण्यापर्यंत पोचतात. त्या खड्ड्यांवर मग हरणं, पक्षी, रानमांजरं असे पन्नासहून जास्त प्रकारचे प्राणी पाणी प्यायला येतात. पाणवठे नासवतात म्हणून ज्यांना हाकललं, तीच गाढवं पाणवठे खणत होती.

आता माझा तो सहकारी. फिनिक्सच्या बाहेर त्याची थोडी जमीन आहे. त्याच्या दोन गाढविणींपैकी एक पहिले दोन महिने त्याला हात लावू देत नव्हती. तो रोज ऑफिसवरून आला की वाड्यात खुर्ची टाकून बसायचा, लॅपटॉप मांडीवर, आमच्या स्टँडअपलाही तिथूनच हजर. काही करायचं नाही, नुसतं बसायचं. एक दिवस कॅमेऱ्यात त्याच्या खांद्यामागून एक लांब कान आला, मग दुसरा. त्याने आवाज न करता चॅटवर टाइप केलं, ‘कुणी हसू नका.’ आम्ही नऊ जण माइक बंद करून बघत राहिलो. वर्ष झाल्यावर पशुवैद्याने सही केली आणि टपालाने मालकीचा कागद आला. तो त्याने कुंपणाच्या सामानाच्या बिलांच्या फाइलमध्ये लावून टाकलाय.